अजिंक्यतारा उत्तरेला गेला त्याची गोष्ट

चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला एक प्रश्न विचारला, की तुमची चित्र काढायची आवडती वेळ कोणती? आम्ही सात जण होतो, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि सगळ्यांच्या मांडीवर नव्याकोऱ्या रंगपेट्या. माझी पेटी मुलीनं पाठवलेली. प्रश्न तसा साधाच होता, पण सरांची सगळी नोकरी हायस्कुलात झालेली, त्यामुळे त्यांनी तो अशा आवाजात विचारला की उत्तर चुकलं तर बाकावर उभं करतील असं वाटावं.

पहिली पाळी आली एका काकांची. मूळचे सांगलीकडचे जैन व्यापारी, दुकान भावावर सोपवून साताऱ्यात मुलाकडे राहायला आलेले. ते म्हणाले, सूर्यास्त. सरांनी त्यांची पाठ थोपटली. काकांचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपायचं असतं हे पुढं कळलं. आकाश लाल व्हायला लागलं रे लागलं की घरातून ताट वाढल्याची हाक यायची. काकांच्या प्रत्येक चित्रात आकाश अर्धंच रंगवलेलं असतं. सर त्याला काकांची शैली म्हणतात आणि काका नाही म्हणत नाहीत.

मला खरं म्हणजे दुपारी अडीच असं सांगायचं होतं. पण माझी पाळी यायच्या आधीच सरांनी जाहीर करून टाकलं की दुपारचा उजेड मेलेला असतो, आणि दुपारी चित्र काढतो तो माणूस एक तर आळशी असतो, नाही तर नवशिका. मी दोन्ही होते, पण पहिल्याच दिवशी कबूल करायचं काही कारण नव्हतं. मी म्हणाले, "पहाट."

आणि नेमके त्याच क्षणी दारात आमचे हे उभे होते. मला न्यायला आलेले, हेल्मेट काखेत, दहा मिनिटं आधी. यांच्या हिशेबात पाच मिनिटं आधी पोचणं म्हणजे उशीर. यांनी ती पहाट ऐकली, आणि यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझा शब्द परत घ्यावासा वाटला.

त्याचं कारण सांगते. आमचे हे अठ्ठावीस वर्षं फौजेत होते, सुभेदार होऊन घरी आले. साताऱ्यात निवृत्त सुभेदाराची काही नवलाई नाही, आमच्या एका गल्लीतच तिघं आहेत. बाकीचे दोघं सकाळी कट्ट्यावर बसून गप्पा मारतात. आमच्या यांना कामाशिवाय बसवत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही शाबूत होता. आल्याच्या पहिल्या आठवड्यात यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. हळद सापडायला मला दोन दिवस लागले. मग फ्रिजवर लोहचुंबकाखाली एक ड्युटी चार्ट आला. डाव्या बाजूला वेळा, मधल्या रकान्यात 'मी' आणि उजवीकडे 'सौ.' दात घासण्यापासून दूध तापवण्यापर्यंत सगळं त्यात होतं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण मला एखादी गोष्ट आवडते असं यांना नुसतं कळलं, की यांचा हात तिच्यावर पडलाच. मी परसात चिमण्यांना तांदूळ टाकायची, येता-जाता, मूठभर. ते यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी परसात मातीची चार भांडी मांडली गेली, त्यांवर एक ते चार आकडे पडले आणि तांदूळ टाकताना शिट्टी वाजायला लागली. चिमण्या आठवडाभरात बदली करून घेऊन शेजारच्यांकडे गेल्या. यात यांचा हेतू वाईट नव्हता हो. हे माणूस जे काही करतं ते मायेनंच करतं, आणि म्हणून तर भांडताही येत नाही.

तेव्हापासून मी एक ठरवलं होतं. मला मनापासून जे आवडतं ते यांच्या कानावर पडू द्यायचं नाही.

आणि मला मनापासून आवडत होती दुपार. माहेरी आष्ट्याला आमचं उसाचं रान. दुपारी बाप्ये रानात असायचे, आई हाताची उशी करून सोप्यात आडवी व्हायची, आणि मग दीड-दोन तास मला कुणी हाक मारायचं नाही. मी चुलीतला कोळसा घेऊन मागच्या भिंतीवर म्हशी काढत बसायची. लग्न झालं, मुलं झाली, सासू-सासऱ्यांचं केलं, पण दिवसाचं तेवढं एक भोक मी कधी कुणाला बुजवू दिलं नाही. यांचं दुपारचं जेवण झालं की हे दोन वाजता आडवे होतात. दोन मिनिटांत घोरायला लागतात. चढावर एसटीनं पहिला गिअर टाकावा तसा आवाज सुरू होतो आणि तो पावणेचारपर्यंत अखंड चालतो. पावणेचारला सूर जरा चढतो, चारला हे डोळे उघडतात. चार्टमध्ये माझ्याही रकान्यात त्या वेळेपुढं 'विश्रांती' लिहिलेलं होतं. मी ती विश्रांती स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी बसून घ्यायची, समोर पाट उभा करून त्यावर कागद लावलेला, शेजारी पाण्याची वाटी. घोरण्याचा सूर चढला की ब्रश धुवायचे आणि पाट पिठाच्या डब्यामागं सारायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून स्कूटरवरून घरी येताना जेव्हा हे म्हणाले, "उद्यापासनं पावणेपाच. मी हाय, तू काळजी करू नगंस," तेव्हा मी "बरं" म्हणाले. मनात म्हटलं, जाऊ दे, पहाट घेऊ दे यांना. तशीही ती मला काही उपयोगाची नव्हती. पहाट गेली तर दुपार वाचेल.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला शिट्टी झाली. दिवस थंडीचे. मी स्वेटर, त्यावर यांचं जुनं जर्किन, डोक्याला कानटोपी अशी परसात आले तर तिथं सगळी सिद्धता झालेली. घडीची खुर्ची, घडीचं टेबल, दोन मगांत पाणी, एकावर 'स्वच्छ' आणि एकावर 'घाण' असं लिहिलेलं. ब्रश नंबरवार ओळीत उभे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच, कारण इतकं सगळं मांडून काढायला होतं काय, तर काळोख. आमच्या परसासमोर अजिंक्यतारा आहे, सगळा किल्ला दिसतो, पण पाच वाजता तो दिसत नाही, तिथं आहे म्हणून माहीत असतो इतकंच. मी कागदाकडं बघत बसले. हे पाठीमागं उभे होते. मला दिसत नाही असं लक्षात आल्यावर आत गेले आणि मोठी बॅटरी घेऊन आले. मग एक महिना मी पहाटेचा मंद प्रकाश बॅटरीच्या झोतात रंगवत होते.

त्या महिन्यात मी काढलं म्हणावं असं काही नाही. एकदा ब्रश चहात बुडवला आणि एकदा चहा समजून 'घाण'चा घोट घेतला. एकदा डुलकी लागून कपाळ ओल्या कागदावर टेकलं. सरांना तो कागद फार आवडला, धुकं उत्तम जमलंय म्हणाले. यांनी तो कागद शेजारच्या दोन्ही सुभेदारांना दाखवून आणला.

खरी चित्रं दुपारी होत होती. परसात कपड्यांची दोरी आहे, तिच्या दोन टोकांना दोन खांब, आणि मागं किल्ला. आमचे हे स्वतःचे कपडे स्वतः धुतात, फौजेपासूनची सवय. नऊ वाजता वाळत घालतात, ठोक्याला चार वाजता काढतात. त्यांचं बनियन नेहमी डाव्या खांबाशेजारी. थंडीतलं ऊन दुपारी किल्ल्याच्या उजव्या अंगानं तिरकं यायचं आणि त्या जुन्या, विरलेल्या बनियनातून आरपार जायचं. बनियनाला काखेजवळ एक भोक होतं. त्या भोकातून उन्हाचा एक ठिपका खालच्या फरशीवर पडायचा आणि वाऱ्यानं हलायचा. सरांनी मेलेला उजेड म्हटलं तो हाच. मी पंधरा दिवस त्या बनियनाशी झगडले. कधी ते गोणपाट व्हायचं, कधी इडलीचं फडकं. सोळाव्या दिवशी जमलं. इतकं जमलं की मी एकटीच खिडकीशी बसून हसले, आणि आत गिअर बदलला म्हणून घाईघाईनं पाट लपवला.

माघात सरांनी प्रदर्शन जाहीर केलं. विषय, 'माझी आवडती वेळ'. चित्राखाली कार्ड लावायचं, त्यावर चित्र काढल्याची वेळ. माझ्याकडं पहाटेचं एक कपाळ उमटलेलं धुकं होतं आणि दुपारचं ते बनियन. धुकं पाठवायला मन होईना. आयुष्यात एकदाच काही धड जमलं होतं, ते पिठाच्या डब्यामागं कसं ठेवू? किल्ला तोच, परस तेच. हॉलमध्ये कुणाला काय कळणार? मी कार्डावर 'पहाट, सूर्योदयाला' लिहिलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून चित्र परस्पर सरांकडं दिलं. यांना म्हटलं, तिथंच बघा, आधी दाखवलं तर मजा जाते.

एक गोष्ट मी साफ विसरले होते. आमच्या यांचा फौजेत कशात हातखंडा होता, तर नकाशा वाचण्यात. कोर्समध्ये पहिले आलेले, त्याची चौकट आमच्या बाहेरच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी आहे. लग्नानंतर महाबळेश्वरच्या बागेत मला फुलं न दाखवता सावलीवरून वेळ कशी ओळखायची ते दाखवलेलं हे माणूस. आणि मी त्याच्यासमोर सावल्या काढून ठेवल्या होत्या.

प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त कर्नल आले होते. आमचे हे कोट घालून, मेडलं लावून हजर. मी लांब, काकांच्या अर्ध्या आकाशापाशी उभी होते. कर्नल माझ्या चित्रापाशी थांबले आणि म्हणाले, छान आहे. तेवढंच निमित्त झालं. हे पुढं झाले, टाचा जुळवल्या आणि ही माझी पत्नी असं सांगण्याऐवजी चित्राबद्दलच बोलायला लागले. नुसतं छान नव्हे साहेब, म्हणाले, अचूक आहे. आमची ही नकाशासारखं काढते, सावलीसुद्धा हिशेबात. आता बघा, परसातून किल्ला दक्षिणेला. म्हणजे डावा हात पूर्व. उगवता सूर्य पूर्वेला, डावीकडं, म्हणजे खांबाची सावली पडणार...

आणि यांनी बोट खांबावर ठेवलं. सावली डावीकडं पडली होती.

बोट तिथंच राहिलं. मग ते हळूहळू सरकलं आणि बनियनापाशी आलं. भोकापाशी थांबलं. हे बनियन सूर्योदयाला यांच्याच अंगात असतं, हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि दोघंही त्या हॉलमध्ये होते.

हे वळले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला पळून जावंसं वाटलं. खोटं पकडलं गेल्याची लाज होतीच, पण खरं सांगते, त्याहून मोठी भीती दुसरीच होती. संपली माझी दुपार. उद्या अडीचला शिट्टी होणार, खिडकीशी घडीचं टेबल येणार, दोन मग येणार, आणि पाठीमागं हे उभे राहणार. चिमण्यांसारखं मला शेजारीही जाता येणार नव्हतं.

हे पुन्हा कर्नलांकडं वळले, छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलो, साहेब. किल्ला उत्तरेला हाय."

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, यांच्या तोंडून चुकलो हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. आणि चुकले कशात, तर दिशेत. किल्ला उत्तरेला धरला की डावा हात पश्चिम होतो, सूर्य उजवीकडून उगवतो, आणि माझी सावली बरोबर पडते. तेवढा हिशेब यांनी उभ्याउभ्या केला होता. हॉलमध्ये सत्तर-ऐंशी सातारकर. शेंबड्या पोरालाही इथं किल्ला कुठल्या अंगाला आहे ते ठाऊक. आमचे सर पुढं आले आणि म्हणाले, अहो, माझा जन्म इथला, अजिंक्यतारा दक्षिणेलाच आहे. हे म्हणाले, आमच्या परसातून उत्तरेला आहे. शेजारचे दोन्ही सुभेदार एकमेकांकडं बघायला लागले, कारण तोच किल्ला त्यांच्याही परसातून दिसतो.

कर्नल चित्राकडं वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "आणि सुभेदारसाहेब, सूर्योदयाला बनियन दोरीवर?"

"आदल्या दिशी काढायचं ऱ्हायलं, साहेब," हे म्हणाले. "रातभर तिथंच व्हतं."

हे ऐकल्यावर मात्र मला रडू यायला लागलं. चारच्या ठोक्याला कपडे आत घेणारं हे माणूस. नकाशाही गेला आणि शिस्तही गेली, तीही मेडलं लावलेली असताना, अधिकाऱ्यासमोर. कर्नलांनी एकदा यांच्याकडं बघितलं, एकदा मी तोंडाला पदर लावून उभी होते तिकडं बघितलं. मग ताठ झाले आणि म्हणाले, "उत्तरेलाच आहे. मलाही आता आठवलं." आणि पुढच्या चित्राकडं गेले. अधिकारीच म्हणतोय म्हटल्यावर दोन्ही सुभेदारांनीही माना डोलावल्या. सर एकटे उरले. ते बाहेर जाऊन किल्ला बघून आले.

आम्ही स्कूटरवरून निघालो. मी मागं बसून वाक्यं जुळवत होते. आवं, ऐका तर, इथपर्यंत यायची आणि अडायची. गोडोलीच्या वळणावर यांनी वेग कमी केला.

"बनियनच घ्यायचं व्हतं तर सांगायचंस तरी," हे म्हणाले. "नवं घातलं असतं दोरीवर. भोक दिसतंय त्यात."

बस, एवढंच. घरी आल्यावर यांनी फ्रिजवरचा चार्ट काढला आणि पट्टी, पेन्सिल, खोडरबर घेऊन टेबलाशी बसले. मी भाकरी थापत होते. पाठीमागं खोडरबराचा आवाज येत होता, आणि प्रत्येक घासण्याबरोबर माझ्या मनात अडीच वाजत होते.

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली नाही. मी सवयीनं पावणेपाचला जागी झाले आणि अंधारात पडून राहिले, शेजारी हे पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपलेले. उजाडल्यावर स्वयंपाकघरात गेले आणि चार्ट बघितला. पहाटेची ओळ गेली होती. दात घासणं, दूध, कपडे, भाजी, सगळं जागच्या जागी होतं. आणि 'सौ.'च्या रकान्यात, दोन ते चारच्या समोर, 'विश्रांती' खोडलेली होती. त्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं. ज्या कागदावर दात घासायलाही वेळ दिलेली, त्यावर तेवढा एक चौकोन रिकामा होता.

नऊ वाजता हे कपडे वाळत घालून आले. मी खिडकीतून बघितलं तर डाव्या खांबाशेजारी नवंकोरं बनियन, घडीची रेघ न मोडलेली, दोन्ही खांद्यांना चिमटे लावून ताणलेलं. उभं केलेल्या शिपायासारखं.

जेवण झाल्यावर दोन वाजता हे उठले, खोलीच्या दारात थांबले आणि गरज नसताना मोठ्यानं म्हणाले, "मी झोपतो." दार लोटून घेतलं. मी पाट काढला, या वेळी पिठाचा डबा न हलवता, सरळ. पाणी घेतलं. नवं बनियन चित्राला अगदीच कुचकामी होतं. जाड कापड, ऊन आतून येईना, फरशीवर ठिपका नाही. पण ते ताणून लावलेले चिमटे बघून मला वेगळं काही काढवेना. भोक मात्र मी माझ्या मनानंच काढलं, जुन्याच जागी, आणि त्याचा ठिपकाही.

बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की घरात आवाज नाही. दोन मिनिटांत लागणारा गिअर आज लागलाच नव्हता. मी ब्रश हातात धरून कान दिला. आतून कॉटची एकदा हलकीशी करकर आली आणि लगेच थांबली. हे जागे होते. दोनपासून तिथं पाठीवर पडून होते, छताकडं बघत, कूस बदलली तर मला ऐकू जाईल म्हणून तीही न बदलता. ज्या माणसाला रिकामं बसवत नाही त्यानं माझ्यासाठी दोन तास नुसतं पडून राहायचं ठरवलं होतं. मला त्या माणसाची इतकी माया आली की डोळ्यांतलं पाणी टपकून बनियनाची एक बाही फुटली. ती तशीच ठेवली.

चारला दार उघडलं. हे डोळे चोळत आले, मोठी जांभई दिली, चित्राकडं मुद्दाम न बघता दोरीकडं निघाले आणि म्हणाले, "लय गाढ झोप लागली आज."

"व्हय," मी म्हणाले, "बाहेरपर्यंत ऐकू येत व्हतं."